पाटीवरची शेवटची ओळ

माझं डोकं तापट आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यातलं निम्मं माझ्या डोक्यामुळे घडलं आणि उरलेलं निम्मं माझ्या आळसामुळे. मी भागवत. कोपरगावच्या अलीकडे एक पशुखाद्याचा कारखाना आहे, तिथं एकवीस वर्षं स्टोअरकीपर आहे. काय आलं, काय गेलं, काय मोडलं, काय मागवायचं, सगळं माझ्या सहीनं होतं. म्हणून गोडाऊनमधले सगळे मला भाऊसाहेब म्हणतात, आणि मलाही ते आवडायचं.

लंकाबाई आमच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायची. बॅटरीवरची, पिवळी, पुढे दोन लोखंडी सुळे असलेली ती गाडी पोत्यांची थप्पी लाकडी पॅलेटसकट उचलते आणि वर रचते. बाई माणूस त्या सीटवर, अंगात साडीवर पुरुषी शर्ट, पायात बूट. ट्रकवाले आधी हसायचे. नंतर तिचाच नंबर लागावा म्हणून थांबायचे.

मूळची ती जामखेड तालुक्यातली. तिकडे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं. लंकाबाईचा जन्मच फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात झाला. शाळा चौथीपर्यंत, तीही चार गावांच्या चार शाळांत. अंक तेवढे पक्के, कारण गाडीत किती मोळ्या चढल्या ते मोजायचं काम लहानपणी तिच्याकडे असायचं. पुढे अमृतशी लग्न झालं आणि दोघांचा मिळून एक कोयता झाला. तोडीतली माणसं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कोणी धरत नाही. अमृत तोडायचा. ही मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढायची.

पाच वर्षांपूर्वी त्यांची टोळी आमच्याच भागात होती. एका ट्रॅक्टरला उसाचे दोन ट्रेलर, त्यात रस्त्याला चढ. मागून ओढ बसली की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उठतात. त्यावर आमच्याकडे एकच उपाय आहे, तो कोणी शिकवावा लागत नाही. कोणीतरी ओरडतं, बसा रे बोनेटवर दोघं. मी लहानपणापासून बघत आलोय, आणि खोटं कशाला बोलू, गंमत वाटायची. त्या दिवशी अमृत बसला. चाकं दणकन खाली आली, तो घसरून पुढे पडला आणि चाक कमरेवरून गेलं. जगला. पण काठीशिवाय पाऊल पडत नाही, आणि वाकून ऊस तोडणं तर कायमचं संपलं. टोळी पुढच्या फडाला गेली आणि हे दोघं पोरीला घेऊन कारखान्यामागच्या एका खोलीत राहिले.

लंकाबाई आमच्याकडे झाडलोटीला लागली. फोर्कलिफ्टवर तेव्हा नगरचा एक ऑपरेटर होता. जेवणाच्या सुट्टीत ही भाकरी हातात घेऊन, उभ्या उभ्या खात, त्याचं मशीन बघायची. तिला बसता येतच नाही, असं आम्ही म्हणायचो. मशीनवरून उतरली की पायाला भिंगरी. टायर बघेल, सुळ्यांवरून हात फिरवेल, दाराशी जाईल, परत येईल. त्या ऑपरेटरनं वर्षभरात तिला सगळं शिकवलं आणि तो नोकरी सोडून गेला. त्याच दिवशी ही मॅनेजर काकासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "मी चालवते." काकासाहेब मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला चालवायला लावलं, बघितलं, आणि आठ दिवसांच्या ट्रेनिंगला नगरला पाठवलं.

सर्टिफिकेट घेऊन आली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. सीटखाली उजव्या अंगाला तळहाताएवढी पत्र्याची पाटी होती. मशीन काय उचलेल, किती उंच उचलेल, सगळं तीवर इंग्रजीत. ट्रेनिंगमध्ये हिला कोणीतरी सांगितलं होतं, मशीनचं ऐकायचं असेल तर आधी पाटी वाच. झालं. रोज सकाळी पाटी फडक्यानं पुसायची आणि मला हाक मारायची.

"भाऊसाहेब, हे दोन हजार म्हंजी?"

"दोन हजार किलो. पन्नासची चाळीस पोती."

"आन् ह्ये पाचशे?"

मला माहीत नव्हतं. असेल काहीतरी कंपनीचं, असं म्हणून मी विषय उडवला. तिनं सोडला नाही. सर्व्हिसला आलेल्या अजिनाथ मेकॅनिकला चहा पाजून तिनं सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मलाच शिकवायला लागली. "सुळ्यांच्या मुळापासनं वझ्याच्या मधापतुर पाचशे मिलीमीटर. म्हंजी एक हात आन् वर दोन बोटं. वझं त्याच्या म्होरं सरकलं तर मशीन दोन हजार उचलत न्हाई, कमी उचलतं. मोळी छातीशी धरली तर बाई चालती, हात लांब करून धरली तर तोंडावर पडती. तसंच हाय बघा."

उंचीचंही तिनं तसंच उलगडून घेतलं. तीन मीटरपर्यंत दोन हजार, साडेचार मीटरला चौदाशेच. चाळीस पोती मावत असली तरी ती एकोणचाळीस घ्यायची. का, तर पॅलेटचं वजन कोण धरणार? मी कपाळाला हात लावायचो, पण हिशेबात ती चुकत नव्हती.

पाटीवर सगळ्यात खाली एक बारीक ओळ होती. "ह्ये काय हाय, भाऊसाहेब?" मी चष्मा न लावता म्हणालो, "बॅटरीचं आहे." "काय हाय बॅटरीचं?" "अहो, मला कामं आहेत." तिनं तीनदा विचारलं आणि मी तीनदा हेच सांगितलं.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पेंटर बोलावला. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक मशीन धुऊन, रंगवून, हार घालून पूजतात, आणि फोर्कलिफ्टचा रंग जागोजागी उडाला होता. पेंटरनं विचारलं, "भाऊसाहेब, ही पाटी सोडू का?" मी माझ्या गडबडीत होतो. म्हटलं, "मार वरून." मशीन नव्यासारखं झालं. पाटीच्या जागी गुळगुळीत पिवळा रंग, आणि त्यावर मी स्वतः कुंकवाचं स्वस्तिक काढलं. लंकाबाई आली, बघत राहिली. "पाटी झाकली," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "तुम्हाला तर तोंडपाठ आहे ना सगळी?" ती म्हणाली, "खालची वळ न्हाई पाठ. ती तुमी कवा सांगितलीच न्हाई." सणाच्या दिवशी कुठं वाद घालायचा म्हणून मी प्रसाद वाटायला गेलो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात नवी बॅटरी आली. जुनी आम्लाची होती, दुपारीच मान टाकायची, पाणी घालत बसावं लागायचं. नवी लिथियमची, दोन तासांत चार्ज, पाण्याची भानगड नाही. ऑर्डरचा फॉर्म मी भरला होता. व्होल्ट अठ्ठेचाळीस लिहिले, ॲम्पिअर लिहिले. वजनाचा एक रकाना होता, तिथं आडवी रेघ मारली. बॅटरीचं वजन कशाला हवं कोणाला? बसवताना ती जागेत एवढीशी दिसली की बाजूनं लाकडाचे ठोकळे कोंबावे लागले. मला तर अभिमानच वाटला, केवढीशी वस्तू आणि केवढी ताकद.

दुसऱ्या दिवसापासून लंकाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. "मागनं हलकं लागतंय," ती म्हणायची. "ष्टेरिंग लई सोपं फिरतंय. उतारावर मागचं चाक टेकतंय का न्हाई, कळंना." फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, ती हलकी फिरली तर चांगलंच की, असं मी तिला सुनावलं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा मशीनभोवती फेऱ्या मारायची. मग तिनं एकोणचाळीसची पस्तीस केली, पस्तीसची तीस केली. तीसवर थांबली. ट्रकांची रांग फाटकाबाहेर जायला लागली. काकासाहेब मला विचारायचे, मी तिच्यावर ओरडायचो, ती तीसच पोती उचलायची. आमच्या आवाजानं हमालांनाही काम सुचेनासं झालं. रात्री मला जेवण जायचं नाही. राग तिचा होता की आणखी कशाचा, तेव्हा कळत नव्हतं.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं. शनिवारी पूर्ण पॅलेट उचला, नाहीतर सोमवारी दुसरा माणूस बघतो. ती म्हणाली, "भाऊसाहेब, ह्ये काम गेलं तर मला टोळीतच जावं लागंल. दिवाळी झाली की ट्रॅक्टर निघतोय."

"मग जा. काम का चुकवता?"

"माझा अर्धाच कोयता हाय. दुसरा अर्धा कोन, ठावं हाय ना?"

ठावं होतं. तिची पोरगी संस्कृती, कोपरगावला अकरावी सायन्सला. त्यांच्या सगळ्या नात्यात इतकी शिकलेली पहिली. हे मला माहीत होतं, आणि तरी मी म्हणालो, "तो तुमचा प्रश्न आहे." आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

शनिवारी तीन ट्रक उभे होते. मी स्वतः मोजून पॅलेटवर चाळीस पोती लावून घेतली. लंकाबाईनं सुळे आत घातले, चार बोटं उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "मागचं चाक सुटलं." मला काही दिसलं नाही. तेवढ्यात कानिफनाथ हमाल हसत म्हणाला, "त्यात काय? आमी दोघं बसतो की मागं." तो आणि आदिनाथ मशीनच्या मागच्या लोखंडावर चढूनही बसले. मी म्हटलं, हं, उचला आता.

लंकाबाईनं चावी फिरवली, मशीन बंद केलं आणि खाली उतरली. "उतरा रे," ती त्या दोघांना म्हणाली. ते माझ्याकडे बघायला लागले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर मी तिच्याशी अरेतुरेवर आलो. "घाबरतेस कशाला? त्यांना नको बसवू. मी उभा राहतो मागं. माझा जीव जाईल, मग तर झालं?" आणि मी खरंच चढून उभा राहिलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. "भाऊसाहेब," ती म्हणाली, "अमृतलाबी कुनी ढकललं न्हवतं. आपनहून बसला हुता." मग तिनं चावी माझ्या हातात दिली, डबा उचलला आणि फाटकाकडे चालायला लागली.

मी तिथंच उतरायला हवं होतं. पण वीस माणसं बघत होती. मी चावी कानिफनाथकडे टाकली, त्याला थोडंफार चालवता यायचं. तोवर बाकीचे हमाल सगळे फाटकाशी गेले होते, लंकाबाईला जाताना बघायला. गोडाऊनमध्ये आम्ही दोघंच. कानिफनाथनं थप्पी उचलली, थोडी पुढे नेली, काही झालं नाही. मी मनात म्हटलं, बघा, उगाच बाऊ केला बाईनं. मग त्यानं तिसऱ्या थरावर ठेवण्यासाठी वजन वर नेलं आणि किंचित पुढे झुकवलं.

माझ्या पायाखालचं लोखंड वर यायला लागलं. हळूच, अगदी सावकाश. मी ऐंशी किलोचा माणूस, पण मशीनला मी असून नसल्यासारखा होतो. कानिफनाथचा चेहरा माझ्याकडे वळलेला, त्याचा हात कुठल्याच दांडीवर नाही. पोती घसरली, चाळीसच्या चाळीस खाली आदळली आणि मशीन दाणकन मागच्या चाकांवर आलं. मी फरशीवर गुडघ्यावर पडलो. पोती जिथं पडली तिथं रोज चार हमाल थप्पी सरळ करायला उभे असतात. त्या दिवशी ते फाटकाशी होते.

कानिफनाथ उतरून भिंतीला टेकून बसला.  पाणीसुद्धा न पिता मी स्टोअरमधून टर्पेंटाइन आणि एक जुना बनियन आणला आणि पाटीवरचा रंग घासायला लागलो. आधी माझं स्वस्तिक गेलं. मग पिवळा रंग सुटला, आकडे दिसले, दोन हजार, पाचशे, चौदाशे. शेवटची ओळ निघायला वेळ लागला. चष्मा लावून वाचली. बॅटरीचं वजन किमान नऊशे साठ किलो.

नव्या बॅटरीच्या खोक्यावर लेबल होतं. चारशे दहा.

या मशीनला पुढचं वजन तोलून धरायला मागं भार लागतो, आणि त्या भारातला मोठा वाटा बॅटरीचाच असतो. तिचं वजन हाही मशीनचाच एक भाग. हे मला एकवीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि जिला कळायला हवं होतं तिनं तीनदा विचारलं तेव्हा मी वाचून दाखवलं नव्हतं. वर रंगही मीच मारायला लावला. फॉर्मवरची ती आडवी रेघ डोळ्यांपुढून हलेना.

काकासाहेबांचा फोन आला. ते संगमनेरला होते. "पोती पडली म्हणे. लंकाबाई मशीन नीट वापरत नव्हती का?" वाट किती सोपी होती बघा. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पाच मिनिटांत सांगतो," आणि फोन ठेवला. गुडघा ठणकत होता तसाच स्कूटरवर बसलो.

लंकाबाईची खोली मला ठाऊक होती, पण चार वर्षांत कधी गेलो नव्हतो. संध्याकाळचे पाच वाजत होते. अमृत दाराशी बसला होता, काठी शेजारी, पुढ्यात दोन कोयते. एक जुना, धार लावून ठेवलेला. दुसरा लहान, त्याला तो नवी मूठ बसवत होता. संस्कृती समोर उभी होती. "धर, हातात बसतीय का बघ," तो तिला म्हणाला. तिनं कोयता हातात घेतला आणि बोटं मिटून बघितली. "थोडी जाड हाय, दादा," ती बापाला म्हणाली.

 लंकाबाई आतून आली, मला बघून तिथंच थांबली. "कुनाला लागलं का?" हा तिचा पहिला प्रश्न.

"नाही. कोणाला नाही." मग एका दमात बोलून टाकलं. "ती शेवटची ओळ वाचली. बॅटरी किमान नऊशे साठ किलोची पाहिजे."

"आन् नवी?"

"चारशे दहा."

तिनं मनात हिशेब केला. साडेपाचशे किलो, पन्नासची अकरा पोती. मला वाटलं, आता ती मला बोलेल, आणि मला ते हवंही होतं. तिचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजी अठ्ठावीसच पायजे हुती," ती म्हणाली. "मी तीस उचलत हुते. दोन पोती जास्तच. रोज." आणि ती त्या एवढ्याशा जागेत इकडून तिकडे फिरायला लागली. पुढे अजिनाथनं मला सांगितलं की हिशेब इतका सरळ नसतो. पण त्या दिवशी तिच्याएवढं जवळ आमच्यातलं कोणीच पोचलं नव्हतं.

मी तिथंच काकासाहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. माझा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून. एकट्यानं बोललो असतो तर कुठंतरी गुळगुळीत केलं असतं. पाटी, रंग, फॉर्म, रेघ, मागं उभं राहणं, सगळं सांगितलं. लंकाबाईनं रोज सांगितलेलंही सांगितलं. 

"म्हणजे चूक कोणाची, भागवतराव?"

"माझी."

"लेखी द्याल?"

"देतो."

"मशीनला कोणी हात लावू नका. बॅटरीच्या कप्प्यात जादा लोखंडाचं वजन बसवायचं का, ते डीलरला विचारतो. बाईंना सोमवारी बोलवा. त्या सांगतील तेव्हाच मशीन चालेल. तुमचं काय करायचं ते मी बघतो." फोन कट झाला.

 मग अमृतनं हात पुढे केला. "दे इकडं," तो संस्कृतीला म्हणाला. तिनं कोयता दिला. त्यानं तो गुडघ्यांत धरला आणि मूठ काढायला लागला. नवी मूठ, घट्ट बसलेली, निघेना. तो ओढत राहिला, कपाळावरची शीर फुगली, आणि पोरगी खाली बसून दुसऱ्या बाजूनं धरायला लागली. तिसऱ्या झटक्याला निघाली.

लंकाबाई फिरायची थांबली. उंबऱ्यापाशी आली आणि बसली. पाय पसरून, भिंतीला पाठ लावून. मशीनची सीट सोडली तर चार वर्षांत मी तिला कुठं बसलेली पाहिली नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"पाटी नीट पुसली का, भाऊसाहेब? कोपऱ्यात रंग ऱ्हातो."